बाळंतिणीला कोणी विचारले?

घरात लग्न ठरले की सहा महिने आधीपासून कार्यालय, आचारी, मानपान, आहेर यांच्या याद्या होऊ लागतात. मूल होणार असले की डोहाळजेवणाचा बेत ठरतो, डिंक आणि अळीव आणून ठेवले जातात, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली जातात. बारशाला कोणाकोणाला बोलवावयाचे याचीही कुजबुज सुरू होते. पण या सगळ्या तयारीत एक जागा कोरी राहते. कळा सुरू झाल्यापासून मूल हाती येईपर्यंतचे जे दहा-वीस तास, त्यांविषयी घरात कोणी बोलत नाही. बोलणे अशुभ मानले जाते, किंवा ‘ते डॉक्टर पाहतील’ असे म्हणून विषय मिटविला जातो. परिणामी, ज्या प्रसंगाची चाहूल सात-आठ महिने आधी लागलेली असते, त्या प्रसंगीही आपण तहान लागल्यावर विहीर खणावयास निघतो.

हे लिहिण्यास कारण झालेला प्रसंग अगदी साधा आहे. नात्यातील एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी तालुक्याच्या गावी आली होती. सात महिने तपासण्या झाल्या त्या पुण्यात; बाळंतपण व्हावयाचे ते गावातील खाजगी रुग्णालयात. रात्री दीडच्या सुमारास डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले की, बाळाचे ठोके मंदावत आहेत, सिझेरियन करावे लागेल, सही करा. रक्तगटाचा अहवाल पुण्याच्या कपाटात राहिलेला होता. सही तिच्या वडिलांनी केली. पेन माझ्या खिशातले होते, आणि ‘लवकर करा’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. शस्त्रक्रिया नीट पार पडली. आई व मूल दोघेही सुखरूप आहेत. डॉक्टरांचा निर्णय चुकीचा होता असे मानण्यास कोणतेही कारण नाही. तरीही पुढे कित्येक दिवस ती मुलगी एकच वाक्य बोलत असे : “मला कोणी विचारलंच नाही.” ती पूर्ण शुद्धीवर होती, एम. कॉम. झालेली होती आणि दाराच्या पलीकडे अवघ्या आठ-दहा पावलांवर होती. तिला विचारण्यास अर्धा मिनिट लागले असते. आमच्यापैकी कोणाला ते सुचले नाही.

तिची तक्रार शस्त्रक्रियेबद्दल नव्हती. ती नेमकी कशाबद्दल होती, आणि ती उद्भवू नये म्हणून काय करता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रुग्णालयातील बाळंतपणाविरुद्ध येथे काहीही सुचवावयाचे नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघे दहा दिवस जगले, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा त्यांचा निर्धार पक्का झाला, ही कथा मराठी माणसाला ठाऊक आहे. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषयही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच होता. अंधारी खोली, बाजेखालची शेगडी आणि अडलेल्या बाईसाठी केलेले नवस यांत किती आया आणि मुले गेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. त्या काळाविषयी हळवे होण्याचे कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ च्या सुमारास देशातील ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर, तर महाराष्ट्रात ९४.७ टक्क्यांवर गेलेले दिसते. २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. ही कमाई लहान नाही. तिच्यामागे शासनाचे, परिचारिकांचे, आशा सेविकांचे आणि डॉक्टरांचे कष्ट आहेत.

पण जागा बदलली की तिच्याबरोबर निर्णयाचे केंद्रही बदलते. घरच्या बाळंतपणात अज्ञान होते, धोका होता. मात्र भोवतीची माणसे ओळखीची होती. रुग्णालयात सुरक्षितता आहे. पण तेथे ती बाई खाटेच्या क्रमांकाने ओळखली जाते आणि तिच्या शरीराविषयीचे निर्णय दाराबाहेर होतात. याच पाहण्यांमधील आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. सिझेरियनचे देशातील प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेले. यातही २०१९-२१ च्या पाहणीत सरकारी रुग्णालयांत ते १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे नमूद केले की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता व अर्भकांचे मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. त्याच वेळी तिने हेही बजावले की, ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा ज्या स्त्रीला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे. म्हणून ४७ या आकड्यावरून प्रत्येक खाजगी डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. अवघड रुग्ण, वाढलेली वये, खटल्याची धास्ती, रात्री भूलतज्ज्ञ मिळेल की नाही याची चिंता, काही कुटुंबांनी स्वतःहून धरलेला मुहूर्ताचा आग्रह आणि काही ठिकाणी पैसा, अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुनाच सिद्धांत दिसतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, या सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालू शकत नाही. कारण गरज केव्हा आणि किती पडेल हे अनिश्चित असते, आणि सेवा देणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. भाजीवाल्याशी न पटले तर आपण पुढच्या गाळ्यावर जातो. कळा सुरू झालेली बाई पुढच्या गाळ्यावर जाऊ शकत नाही. तिची गरज सर्वांत मोठी असते, त्याच क्षणी तिचे ज्ञान आणि तिची निवड करण्याची शक्ती सर्वांत कमी असते. यावर विश्वास हा एक उपाय आहे, आणि तो आवश्यकही आहे. पण विश्वासाला आधार लागतो, आणि तो आधार कळांच्या आधी, शांतपणे झालेल्या बोलण्यातूनच मिळू शकतो. प्रसूतीचा आराखडा म्हणजे या बोलण्याची एका कागदावर केलेली नोंद होय.

अशा आराखड्याची कल्पना अमेरिकेत १९८० मध्ये सिॲटलच्या पेनी सिमकिन व कार्ला रेन्की यांनी पुढे मांडली. रुग्णालयातील ठरीव साच्यात प्रत्येक बाईला एकाच मापाने मोजले जाऊ नये, तिने आपल्या अपेक्षा आधी सांगाव्यात आणि डॉक्टरांनी त्यांवर आधी बोलावे, असा त्यामागचा विचार होता. ‘बर्थ प्लॅन’ या नावाने ती कल्पना जगभर पसरली आणि पसरताना थोडी बिघडलीही. संवादाच्या जागी पुष्कळदा छापील मागणीपत्रक आले : हे नको, ते नको, अमुक करू नये. परिचारिका अशा कागदाकडे कपाळाला आठ्या घालून पाहू लागल्या. दुसरीकडे, कागदावर लिहिल्याप्रमाणे काही घडले नाही म्हणून कित्येक स्त्रिया स्वतःला नापास समजू लागल्या. वास्तविक, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुले शंभरात जेमतेम पाच असतात. ज्या घटनेला तारीखसुद्धा पाळता येत नाही, ती आपला कार्यक्रम पाळील ही अपेक्षाच चुकीची होती.

आपल्याकडेही प्रसूतीचा आराखडा आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी ‘सूक्ष्म प्रसूती आराखडा’ करण्याची तरतूद आहे. तपासण्यांच्या तारखा, प्रसूतीची संभाव्य तारीख, कोणत्या केंद्रात जावयाचे, गुंतागुंत झाल्यास पुढे कोठे पाठवावयाचे आणि वाहन कोणते, हे त्यात ठरवून ठेवावयाचे असते. त्यामागेही अनुभवाचा पाया आहे. थॅडियस व मेन या संशोधकांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या कारणांची मांडणी तीन विलंबांत केली : दवाखान्यात जावयाचे हे ठरविण्यातील विलंब, तेथे पोहोचण्यातील विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. सूक्ष्म आराखडा यांतील पहिल्या दोन विलंबांवर नेमका घाव घालतो.

म्हणजे आपल्यापुढे दोन कागद आहेत. पाश्चात्त्य कागद विचारतो, बाळंतपण कसे व्हावे? सरकारी कागद विचारतो, बाळंतपण कोठे व्हावे आणि तेथे पोहोचावे कसे? एकाला गाडीची आणि रक्ताची काळजी नाही, कारण ती मिळणारच असे तो गृहीत धरतो. दुसरा रुग्णालयाच्या दारापर्यंत येऊन थांबतो, कारण आत गेल्यावर बाईला काही म्हणावयाचे असेल हे त्याने गृहीत धरलेले नाही. आणि दोन्ही कागदांत तिसरा प्रश्न पुरेशा ठळकपणे येत नाही : ठरविल्याप्रमाणे घडले नाही तर काय, आणि त्या वेळी तिला कोण विचारील? आपल्याला हवा असलेला आराखडा हा या तिन्ही प्रश्नांचा मिळून एकच कागद असला पाहिजे.

‘योजना’ या शब्दाचा आपल्या देशाला अनुभव आहे. तिसरी पंचवार्षिक योजना १९६१ मध्ये मोठ्या आशेने सुरू झाली. दोन युद्धे आणि दुष्काळ यांनी तिची गणिते विस्कटली आणि १९६६ ते १९६९ या काळात वार्षिक योजनांवर भागवावे लागले. १९७८ मध्ये जनता राजवटीत सरकत्या योजनेची कल्पना आली : दर वर्षी परिस्थिती पाहून पुढचे लक्ष्य फिरून ठरवावयाचे. राजकारणात ती टिकली नाही. पण तिच्यातील तत्त्व खोटे नव्हते. योजनेची किंमत तिच्यातील आकडे तंतोतंत खरे ठरण्यात नसते. आपल्याला आधी काय हवे आणि नंतर काय, कशावर तडजोड करता येईल आणि कशावर नाही, याचा विचार शांतपणी झालेला असला म्हणजे संकटाच्या वेळी गोंधळ होत नाही. बाळंतपणाच्या आराखड्यात हा क्रम अगदी सरळ आहे. आईचा व मुलाचा जीव पहिला. काय चालले आहे ते आईला समजणे आणि तिची संमती विचारली जाणे, हे दुसरे. आवडीनिवडी तिसऱ्या. तिसऱ्या गोष्टी पहिलीसाठी आनंदाने सोडाव्यात. दुसरी मात्र क्वचितच सोडावी लागते.

या कागदाचा पहिला भाग व्यवहाराचा असावा. रुग्णालय कोणते आणि ते भरलेले असल्यास दुसरे कोणते. रात्री गाडी कोणाची. १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ आहेत की नाहीत. रक्तगट कोणता, रक्तपेढी किती दूर आणि रक्त देण्यास कोण तयार आहे. खर्चाची रक्कम कोठे ठेवली आहे. घरी मोठे मूल असेल तर ते कोणाकडे राहील. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, हे लक्षात घेतले म्हणजे रक्ताची ओळ कागदात सर्वांत वर का हवी ते कळेल. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांनी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाची नोंद करून ठेवावी. २०११ पासूनच्या या कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसुद्धा, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण विनामूल्य देण्याची तरतूद आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या प्रथेमुळे या भागात एक ओळ खास आपली म्हणून लिहावी लागेल. तपासण्या एका गावी आणि प्रसूती दुसऱ्या गावी, असे झाले की डॉक्टर बदलतात, कागद मागे राहतात आणि पहिल्या डॉक्टरने टिपलेली धोक्याची खूण दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. सासरहून निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, सर्व अहवाल आणि सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत बरोबर घ्यावेत, आणि नवव्या महिन्याची वाट न पाहता माहेरच्या डॉक्टरांना निदान दोनदा तरी भेटावे. सुईणीपासून पोट लपवता येत नाही म्हणतात. पण कागदांची पिशवी मागे राहिली तर डॉक्टरपासून पुष्कळ काही लपून राहते.

दुसरा भाग तिच्या इच्छांचा. येथे कोणी नवलाईच्या मागण्या करावयाच्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकाळातील सेवेविषयी ज्या ५६ शिफारशी केल्या, त्यांतील पुष्कळशा साध्या माणुसकीच्या आहेत. तिच्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी. विशेष धोका नसेल तर तिला हिंडू-फिरू द्यावे, पाणी-पेज घेऊ द्यावी. वेदना कमी करण्याचे उपाय मागितल्यास मिळावेत. सरसकट एनिमा देऊ नये, केस काढू नयेत, प्रत्येकीला छेद देऊ नये. नाळ निदान एक मिनिट थांबून बांधावी. मूल निरोगी असेल तर पहिला तास त्याला आईच्या अंगाशी ठेवावे आणि लवकरात लवकर पाजावयास द्यावे. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर या वेगाने उघडले नाही, एवढ्याच कारणाने घाई करू नये, असेही या शिफारशी सांगतात. पहिलटकरणीला हे आधी ठाऊक असेल तर लांबलेल्या कळांनी तिचा आणि तिच्या घरच्यांचा धीर सुटणार नाही.

सोबतीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. प्रसूतिकाळात अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती अधिक प्रमाणात होते आणि त्यांच्यावर सिझेरियनची वेळ कमी येते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २६ प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात आढळले. या उपायाला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. तरीही कित्येक दारांवर ‘नातेवाइकांनी बाहेर थांबावे’ हीच पाटी असते. आई, सासू, नणंद, नवरा यांपैकी आत कोण असावे हे त्या मुलीनेच ठरवावयाचे आहे. मानापमानाचा प्रश्न होण्याआधी ते ठरून कागदावर आलेले बरे.

तिसरा भाग ‘जर-तर’चा आणि तोच या आराखड्याचा कणा होय. तारीख उलटून गेली आणि औषधाने कळा आणाव्या लागल्या तर? पाणमोट आधीच फुटली तर? मूल पायाळू किंवा आडवे असेल तर? येथून मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले तर सोबत कोण जाईल आणि बाळाबरोबर कोण थांबेल? सिझेरियनची वेळ आली तर कारण तिला तिच्या भाषेत दोन वाक्यांत सांगावे. कमरेतून भूल दिली असेल तर ती जागी असते, म्हणून मूल तिला आधी दाखवावे. शक्य होताच छातीशी द्यावे. शस्त्रक्रिया झाली म्हणून हे सारे संपले असे समजण्याचे कारण नाही. देशात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. परंतु जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले याच पाहणीत ४१.८ टक्के इतकीच आढळली. दवाखान्यात पोहोचणे आणि तेथे अपेक्षित ते मिळणे, यांतील अंतर या दोन आकड्यांत आहे.

असा कागद लिहून फडताळात ठेवून उपयोग नाही. तो घेऊन आठव्या महिन्यात डॉक्टरांपुढे बसले पाहिजे आणि चार प्रश्न विचारले पाहिजेत : रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कोठून येते? सोबतीला कोणाला आत घेता? यांतील कोणती गोष्ट आपल्या येथे होऊ शकणार नाही? उत्तरे पटली नाहीत तर दुसरे रुग्णालय पाहण्यास अजून वेळ असतो. सौदा करण्याची शक्ती त्याच वेळी असते, नंतर नसते. बोलण्याची भाषाही महत्त्वाची. ‘असे करू नका’ यापेक्षा ‘सर्व ठीक असेल तर असे व्हावे असे वाटते, नसेल तर आम्हांला सांगून करा’ ही भाषा डॉक्टरांना ऐकण्यास सोपी जाते. चार पानी मसुदा रात्रपाळीची परिचारिका वाचू शकणार नाही. एक पान ती वाचील.

सहीविषयी मात्र संदिग्धता नको. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात स्पष्ट केले की, सज्ञान आणि निर्णय घेण्यास समर्थ असलेल्या रुग्णाची संमती तिची स्वतःचीच असली पाहिजे. ती तात्पुरती भुलीखाली आहे म्हणून, जिवाला तातडीचा धोका नसताना, आईची संमती घेऊन वेगळी शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणजे आम्ही त्या रात्री जी घाई केली ती ना कायद्याने सांगितलेली होती, ना गरजेची. बाई बोलू शकत असेल तोवर सही तिची. ती बोलू शकत नसेल तेव्हा तिच्या वतीने कोणी बोलावे, ते नाव तिने आधी लिहून ठेवावे. या कागदावर सासरचा किंवा माहेरचा हक्क नाही. अक्षर तिचे असावे, आणि तिला लिहिता येत नसेल तर शब्द तिचे असावेत.

यावर काही आक्षेप घेतले जातील. हे सुखवस्तू लोकांचे खूळ आहे, असे म्हटले जाईल. पण ज्या घरात पैसे कमी, रस्ता लांब आणि रक्तपेढी दूर, त्याच घराला आधी ठरवून ठेवण्याची गरज अधिक. श्रीमंताची चूक पैशाने भरून निघते. दुसरा आक्षेप गर्दीचा. एका परिचारिकेकडे अनेक खाटा असताना ती प्रत्येकीचा कागद कोठे वाचणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर अधिक परिचारिका नेमणे हेच आहे. परंतु जिला काय होणार आहे ते ठाऊक आहे आणि जिच्याजवळ सोबतीण आहे, अशी बाई परिचारिकेचे काम वाढवीत नाही, हलके करते. डॉक्टरांनाही याचा लाभ आहे. रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट समाज आणि वैद्यक यांच्यातील अविश्वासाची साक्ष देते. शस्त्रक्रियेची शक्यता आणि तिची कारणे ज्या कुटुंबाने आधी शांतपणे ऐकलेली असतात, ते कुटुंब मध्यरात्री संशयाने पेटत नाही.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आधी इतके ठरविले आणि घडले भलतेच, तर दुःख अधिक होणार नाही काय? होईल, जर कागदावर एकच वाट लिहिलेली असेल तर. ‘नॉर्मल’ या शब्दाने आपण आधीच पुष्कळ नुकसान केले आहे; जिला शस्त्रक्रियेने मूल झाले ती जणू काही अनैसर्गिक वागली, असा सूर बारशाच्या पंगतीत ऐकू येतो. लवचिक आराखड्यात सिझेरियन ही हार नसते. आधीपासून लिहून ठेवलेली ती एक वाट असते. वाट बदलली तरी चालणारी तीच राहते.

व्यवस्थेला यासाठी मोठा खर्च करावयाचा नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांच्या तपासणीची सोय करण्यात आली. त्या दिवशी सहाव्या-सातव्या महिन्यातील प्रत्येकीबरोबर आशा सेविकेने किंवा परिचारिकेने पंधरा मिनिटे बसून एक पान भरावे, आणि ते पान माता-बाल संरक्षण कार्डाला टाचावे. आशा सेविकेला या कामाचा वेगळा मोबदला मिळावा; तिच्यावर फुकट कामे लादण्याची सवय आता पुरे झाली. खाजगी रुग्णालयांनी नावनोंदणीच्या वेळीच असे पान द्यावे. आणि शाळा-कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या आपण सर्वांनी, जे रजेचा अर्ज आणि विम्याचे कागद महिनाभर आधी तयार ठेवतो, आपल्या सुनेला वा लेकीला एवढेच विचारावे : तुला काय हवे आहे, आणि तसे झाले नाही तर काय चालेल?

बाळ जन्मल्यावर पाचवीच्या पूजेत आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. सटवाई रात्री येते आणि बाळाच्या भाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी आपली समजूत. ती प्रथा खुशाल चालू राहो. पण तसाच एक कोरा कागद दोन महिने आधी त्या मुलीपुढेही ठेवावा. त्या रात्री माझ्या खिशातले पेन तिच्या वडिलांच्या हाती गेले. ते तिच्या हाती द्यावयास हवे होते.